एका मुहूर्ताची सोबत

चैत्री ओळीचा तिसरा दिवस होता. पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागात सकाळी अकराच्या सुमारास मालाच्या गाड्या लागल्या होत्या. गूळ-साखरेच्या एका पेढीवर एकसष्ट वर्षांचे शेठजी नेहमीप्रमाणे गल्ल्याशी बसून बिलाची बेरीज करीत होते. चाळीस वर्षांत ज्यांना बेरजेसाठी यंत्र लागले नाही, त्यांची बेरीज त्या दिवशी तीनदा चुकली. कपाळावर घाम आला, बोटे थरथरू लागली आणि समोर उभ्या असलेल्या दिवाणजींचे नाव आठवेना. बाजूच्या टेबलावरून मुलगा धावत आला. भोवती साखरेच्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असताना पेढीच्या मालकाच्या रक्तातील साखर मात्र धोक्याच्या पातळीपर्यंत उतरली होती.

शेठजींना नऊ वर्षांपासून मधुमेह. ओळीचे आयंबिल दुपारी एक वाजता व्हायचे होते. परंतु सकाळची गोळी मात्र रोजच्याप्रमाणे आठ वाजताच उकळलेल्या पाण्याबरोबर घेतली गेली होती. मुलाने पाण्यात साखर कालवून पेला पुढे केला, तेव्हा त्या अवस्थेतही शेठजींनी मान फिरवली. पच्चक्खाण मोडेल, एवढेच शब्द त्यांनी उच्चारले. सतरा वर्षांत त्यांची एकही ओळ चुकली नव्हती. शेवटी दिवाणजींनी त्यांचा हात धरला आणि मुलाने पेला ओठांना लावला. पंधरा-वीस मिनिटांत शेठजी भानावर आले. पण दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

सायंकाळी ते स्थानकात गेले. तिथे विराजमान असलेल्या महासतीजींनी सारे ऐकून घेतले आणि शांतपणे समजावले, की प्रत्याख्यानात आगार ठेवलेले असतात ते अशाच प्रसंगासाठी. ज्या तपाने समाधी टिकत नाही, त्याचा आग्रह धरावा असे शास्त्र सांगत नाही. तप बारा प्रकारचे आहे. अनशन हे त्यातील पहिले आहे, एकमेव नव्हे.

शेठजी घरी परतले ते हे शेवटचे वाक्य मनात घोळवीत.

गोळी आणि तप यांची गाठ

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जे सांगितले ते तप करणाऱ्या प्रत्येक मधुमेही श्रावक-श्राविकेने लक्षात ठेवण्यासारखे आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडण्यास भाग पाडतात. पोटात अन्न येवो वा न येवो, गोळी आपले काम करीतच राहते. अन्न आले नाही तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरते. घाम, थरथर, धडधड, गोंधळ ही तिची चिन्हे. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासावे आणि साखर तरीही कमीच असेल तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

गोळी चुकीची नव्हती, तपही चुकीचे नव्हते. त्या दोघांची गाठ कोणी घालून दिली नव्हती, एवढेच. ओळी, वर्षीतप, अठाई किंवा साधे एकासन करण्यापूर्वी डॉक्टरांना आठ-दहा दिवस आधी विचारले, तर कोणती गोळी कमी करायची, कोणती पुढे ढकलायची आणि कोणाला तपाची परवानगीच देता येणार नाही, हे ठरवता येते. परंतु बहुतेक घरांत तपाची वार्ता डॉक्टरांना पारणे झाल्यानंतरच कळते.

तपासणी आटोपल्यावर डॉक्टरांनी शेठजींना एक अनपेक्षित प्रश्न विचारला, ‘‘तुमच्याबरोबर रोज जेवायला कोण असते?’’ शेठजींनी मुलाकडे पाहिले. एकतीस वर्षांच्या त्या मुलाचे वजन ८४ किलो आणि कमरेचा घेर ९६ सेंटिमीटर होता. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. त्याचेही रक्त तपासले गेले. मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही चाचणी वडिलांची ८.२ आली, मुलाची ६.१. या चाचणीत ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची अवस्था असते, ६.५ पासून मधुमेह सुरू होतो.

हा उंबरठा आज देशातील असंख्य घरांत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. दिवसभर गादीवर किंवा खुर्चीवर बसून व्यवहार करणाऱ्या व्यापारी वर्गाने हे आकडे परक्याचे मानण्याचे कारण नाही. पेढीवर पोती हमाल उचलतो, वजन तोलणार करतो, बँकेत मुनीम जातो. मालकाच्या वाट्याला गल्ला, फोन आणि येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाबरोबरचा चहा येतो.

दोन महिने पहारेकऱ्याचे

घरी परतल्यावर मुलाने सारी सूत्रे हाती घेतली. फ्रिजवर आहाराचा तक्ता चिकटवला, फरसाणाचे डबे माळ्यावर टाकले, पेढीवर चहावाल्याला वडिलांना बिनसाखरेचा चहा देण्याची ताकीद दिली. स्वतःसाठी व्यायामशाळेची वर्षभराची फी भरली. वैशाख लग्नसराईत गेला. एका मंगल कार्यालयात पाहुणे मंडळींच्या देखत त्याने वडिलांच्या ताटातील जिलेबी उचलून बाजूला ठेवली. शेठजी काही बोलले नाहीत; पण दुसऱ्या दिवशी चहावाल्याला हाक मारून त्यांनी मुद्दाम दोन चमचे साखर जास्त घालायला लावली. मुलगा व्यायामशाळेत एकूण अकरा दिवस गेला, आणि तो हिशेब शेठजींनी त्याला दिवाणजींच्या समोर ऐकवला.

दोघेही एकमेकांच्या हिताचेच बोलत होते आणि दोघेही एकमेकांचे पहारेकरी झाले होते. पहाऱ्याचा एक स्वभाव असतो. जो पहारा देतो तो स्वतः चालत नाही, आणि ज्याच्यावर पहारा असतो तो पळवाट शोधतो. ज्येष्ठ संपला तेव्हा वडिलांची साखर होती तिथेच होती, आणि मुलाचे वजन एक किलोने वाढले होते.

कोंडी फोडली ती शेठाणींनी. आषाढ चौमासीच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही दोघे एकमेकांना सांगणे बंद करा. चार महिने जे करायचे ते दोघांनी बरोबर करा. नाहीतर काहीच करू नका.’’

त्यांच्या व्यवहारी बोलण्याला शास्त्रीय संशोधनाचाही आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी पन्नाशी ओलांडलेल्या ३७२२ जोडप्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी अभ्यासून २०१५ साली निष्कर्ष मांडले. धूम्रपान सोडणे, व्यायाम सुरू करणे, वजन कमी करणे या तिन्ही बाबतींत जोडीदाराने बदल केला की दुसऱ्यानेही तो करण्याची शक्यता वाढते, असे त्यांत दिसले. धूम्रपान आणि व्यायाम यांबाबत तर आरंभापासूनच निर्व्यसनी किंवा व्यायामी असलेल्या जोडीदारापेक्षा, आपल्याबरोबर नव्याने बदलू पाहणारा जोडीदार अधिक उपयोगी ठरला. हे निरीक्षण पती-पत्नींचे आहे. पण एका चुलीवर जेवणाऱ्या कोणत्याही दोघांना ते विचार करायला लावणारे आहे. माणसाला उपदेशकापेक्षा सहप्रवासी लवकर पटतो.

चातुर्मासाचे बळ

कोणतीही सवय एकवीस दिवसांत जडते, अशी समजूत सर्वत्र ऐकू येते. लंडनमध्येच झालेल्या एका अभ्यासात ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय लावून घेण्याचा प्रयत्न केला. कृती आपोआप घडू लागण्यास त्यांना सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाच्या बाबतीत हा काळ २५४ दिवसांपर्यंत जाईल असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचे फारसे बिघडत नाही, हेही त्यात आढळले.

चातुर्मास सुमारे १२० दिवसांचा असतो. आपल्या पूर्वजांनी नियमासाठी चार महिन्यांची मुदत ठेवली ती धर्माराधनेच्या हेतूने, यात शंका नाही. परंतु मनुष्यस्वभावाची त्यांची पारखही त्यात दिसते. नियम मर्यादित असावा, मुदत स्पष्ट असावी, तो चारचौघांच्या साक्षीने घ्यावा आणि सर्वांनी एकाच काळात पाळावा, ही सारी रचना सवय रुजवण्यास अनुकूल आहे.

पिता-पुत्रांनी महासतीजींच्या समोर चार छोटे नियम घेतले. रोज एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे, शरीरासाठी द्यायची. आठवड्यातून किमान पाच दिवस सूर्यास्तापूर्वी जेवायचे. प्रत्येक जेवणात ऊणोदरी पाळायची. आणि सहा विगयांपैकी रोज एकीचा त्याग करायचा. वडिलांसाठी डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा सायंकाळच्या लवकर जेवणानुसार बदलून दिल्या. त्याखेरीज हा संकल्प घेऊ नये, अशी महासतीजींचीही सूचना होती.

४८ मिनिटांचा हिशेब

मुहूर्ताचे हे माप सामायिकाचे आहे. चालणे म्हणजे सामायिक नव्हे, आणि फिरून आलो म्हणून सामायिक टळतही नाही. परंतु ज्या घरात एक आसन ४८ मिनिटे स्थिर ठेवण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घराला तेवढाच वेळ शरीर हालवण्यासाठी काढणे अशक्य नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. मध्यम गती म्हणजे चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढी. पिता-पुत्रांनी ४८ मिनिटांपैकी ३० मिनिटे चालण्याला दिली. आठवड्यातून पाच दिवस चालले तरी १५० मिनिटांचे देणे फिटते. उरलेल्या १८ मिनिटांत खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, टाचा उचलून उभे राहणे, असे साधे व्यायाम. गुडघ्यांची तक्रार असलेल्या शेठजींनी पहिल्या दिवशी पाच वेळा उठबस केली. कार्तिकात ती वीसवर गेली. स्थानकात वंदनेसाठी खाली बसताना ते पूर्वी खांबाचा आधार घेत. तो खांब कधी सुटला, हे त्यांच्याही लक्षात आले नाही.

चालण्याची वेळ सूर्योदयानंतरची ठरली. आषाढात पुण्यात सहाच्या सुमारास उजाडते. पायाखालचे दिसेल एवढ्या प्रकाशात, पुढची चार हात जमीन पाहत चालावे, ही ईर्या समितीची शिकवण साधूंसाठी आहे. पण पावसाळ्यात रस्त्यावर गांडुळे आणि गोगलगाई निघतात तेव्हा श्रावकानेही ती आठवावी. शेठजींच्या खिशात ग्लुकोजची पुडी असे, पायांत नीट बसणारे बूट असत. मधुमेहात पायांची संवेदना कमी होऊ शकते, म्हणून अनवाणी चालणे टाळावे आणि रोज तळपाय पाहावेत. रविवारी दोघे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढत. पहिल्या रविवारी मुलालाच अधिक दम लागला.

सायंकाळचा एक छोटा नियम नंतर आपोआप जोडला गेला. जेवणानंतर लगेच बसण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे संथ चालले, तर जेवणानंतर वाढणारी साखर कमी वाढते. दोघे पेढीवर जेवण उरकून यार्डातल्या गल्लीत एक फेरी मारू लागले. शेजारचे व्यापारी प्रथम हसले. पर्युषणापर्यंत त्यांतील दोघे फेरीत सामील झाले होते.

‘जैन’ म्हणजे आरोग्यदायी असे नव्हे

कांदा, लसूण आणि कंदमूळ नसलेले अन्न आपोआप हितकर असते, असा एक गोड गैरसमज समाजात आहे. जैन पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चे केळे आले तरी लोणी तेवढेच राहते. खाकरा हलका असतो, पण पाच खाकरे हलके नसतात. शेव, पापडी आणि गाठिया यांत बेसन असले तरी तेल आणि मीठ त्याहून बोलके असते. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी बंद होते, तेव्हा ताटात पोळी, भात, पापड आणि शेवेची भाजी एवढेच उरते. अहिंसेचा नियम पाळला जातो. शरीराचा हिशेब मात्र चुकतो.

सूनबाईंनी यावर जो मार्ग काढला तो अनेक घरांना उपयोगी पडेल. तिथीच्या दिवशी अख्खे मूग, मटकी, चवळी, काळे हरभरे यांपैकी एकाची उसळ ठरलेली. कडधान्ये रात्रभर भिजवून सकाळी शिजवायची. मोड आणायचे नाहीत, कारण घरात अंकुरित धान्य वर्ज्य. कडधान्याबरोबर कच्चे दही-ताक नाही, द्विदलाचा दोष टाळण्यासाठी ताक आधी तापवून घ्यायचे. मेथीदाण्याची भाजी पंधरवड्यातून दोनदा. गव्हाच्या पोळ्यांपैकी एकीच्या जागी ज्वारीची भाकरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात एकूण ऊर्जेपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांहून अधिक नसावा असे म्हटले आहे. तक्ते न मांडता सूनबाईंनी त्याचा सोपा अर्थ लावला: वाढताना आधी उसळ आणि भाजी, मग पोळी, शेवटी भात.

साखरेचा हिशेब मात्र शेठजींनी स्वतः केला. साखरेचा व्यापारी तो, त्याला तक्त्याची गरज नव्हती. दिवसाला पेढीवर आणि घरी मिळून सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे. चमच्यात साधारण चार ते पाच ग्रॅम. म्हणजे दिवसाला सुमारे ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो, वर्षाला १८ किलो. ‘‘तीन वर्षांत मी एकटा एक पोते चहातूनच पितो,’’ ते जिन्याशी उभे राहून म्हणाले आणि स्वतःशीच हसले. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, ती मिठाईसकट. सहाचे तीन चहा झाले, दोन चमच्यांचा अर्धा झाला. बिनसाखरेचा चहा त्यांनी शेवटपर्यंत पत्करला नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही. गूळ म्हणजे साखर नव्हे, हा दावा मात्र त्यांनी आपण होऊन मागे घेतला. मधुमेहीच्या रक्ताला दोहोंत विशेष फरक कळत नाही, हे गुळाच्या व्यापाऱ्याने मान्य करणे लहान गोष्ट नव्हे.

ऊणोदरीचे मर्म दोघांना हळूहळू उलगडले. आगमपरंपरेत पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस कवलांचा सांगितला आहे. त्याहून कमी घेणे ही ऊणोदरी. उपवासात अन्न समोरच नसते, ऊणोदरीत ते समोर असते, रुचकर असते, आणि वाढणारे प्रेमाने मनुहार करीत असतात. पोट भरण्यापूर्वी हात थांबवणे हे एका परीने अधिक जागरूक तप आहे. उपाय साधा होता. ताटे लहान केली, आणि दुसऱ्यांदा वाढण्यापूर्वी थोडे थांबण्याचा नियम केला. शेठाणींनीही मनुहारीची जुनी रीत बदलली. वाढताना ‘आणखी घ्या’ऐवजी ‘पुरे झाले का?’ असे त्या विचारू लागल्या.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाने घराचे वेळापत्रकच पालटले. पूर्वी शेठजींचा डबा साडेपाचला पेढीवर येई. मुलगा रात्री नऊनंतर बाहेरचे खाऊन घरी येई. आणि सासूबाई-सूनबाई सर्वांचे आटोपल्यावर उरलेसुरले जेवत. आता डबा दोघांचा येऊ लागला, आणि घरात सासू-सून दिवस मावळण्यापूर्वी एकत्र जेवू लागल्या. गरोदरपणात सूनबाईंची साखर वाढली होती. प्रसूतीनंतर ती उतरली, तरी अशा स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक असतो आणि त्यांनी नियमित तपासणी करावी, ही गोष्ट मात्र घरात सर्वांच्या विस्मरणात गेली होती. पुरुषांच्या तब्येतीची चर्चा चालू असताना स्वयंपाकघरातल्या तब्येतीची आठवण अशी उशिरा झाली.

आणखी एक तपासणी डॉक्टरांनी सुचवली होती. मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या शरीरात बी-बारा जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी माणसाकडे त्याचा साठा मुळातच बेताचा असतो. पायांना मुंग्या येणे, थकवा, विसराळूपणा यांचे कारण केवळ वय नसून ही उणीवही असू शकते. शेठजींचे बी-बारा कमी निघाले आणि उपचाराने सुधारले.

अकरा दिवसांचा खंड

सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. भाद्रपदात, पर्युषण आटोपल्यावर, मुलगा अचानक चालायला येईनासा झाला. सायंकाळचा डबा तसाच परत जाऊ लागला. तो पुन्हा रात्री उशिरा घरी येई आणि सकाळी उठत नसे. पहिले दोन दिवस शेठजी एकटे गेले. नंतर ते सोसायटीच्या फाटकापर्यंत जात, तिथेच काही वेळ उभे राहत आणि परत येत. वैशाखातले शेठजी असते तर दिवाणजींसमोर हिशेब झाला असता. या वेळी ते काही बोलले नाहीत.

बाराव्या दिवशी सकाळी मुलगा बूट घालून खाली आला आणि मान खाली घालून म्हणाला, ‘‘पप्पा, माझा नियम मोडला.’’

शेठजी म्हणाले, ‘‘रोज प्रतिक्रमण करतोस ना? प्रतिक्रमण म्हणजे परत येणे. आलास, चल.’’

तळजाईच्या वाटेवर अर्धे अंतर दोघे मुकाट्याने चालले. मग मुलगा बोलू लागला. श्रावणात एका नव्या पार्टीला त्याने वडिलांना न विचारता साडेचार लाखांचा माल उधारीवर दिला होता. पैसे अडकले होते, फोन उचलला जात नव्हता. ते सांगायचे धाडस होईना, म्हणून तो घराबाहेर राहत होता. आणि बाहेर राहिला की खात होता. समोरासमोर बसून जे बोलणे पाच महिन्यांत जमले नसते, ते शेजारी-शेजारी चालताना, नजर रस्त्यावर असताना, त्याला जमले. शेठजी पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘उद्या दोघे मिळून जाऊ त्यांच्याकडे.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘माझेही एकदा बुडाले होते. तुझ्या आजोबांना मी तीन वर्षे सांगितले नव्हते.’’

पुढे त्यांतली निम्मी रक्कम वसूल झाली. उरलेली अजून यायची आहे. परंतु रात्रीचे बाहेरचे खाणे त्या दिवसापासून थांबले. जास्त खाणे हा पुष्कळदा पोटाचा नव्हे, मनाचा प्रश्न असतो. आणि मनाचा प्रश्न आहाराच्या तक्त्यात कधी लिहिलेला नसतो.

कार्तिकातील ताळेबंद

दिवाळीत वहीपूजन झाले. व्यापाऱ्यांकडून मिठाईचे आणि सुक्यामेव्याचे खोके आले. त्यांतले बहुतेक त्याच दिवशी हमाल आणि नोकर मंडळींकडे गेले. कार्तिकी पौर्णिमेनंतर दोघांच्या तपासण्या झाल्या. वडिलांचे एचबीएवनसी ८.२ वरून ७.१ वर आले होते. साखर एकदम उतरवणाऱ्या गोळीची मात्रा डॉक्टरांनी निम्मी केली. मुलाचे वजन साडेपाच किलोंनी घटले होते आणि आकडा ६.१ वरून ५.८ वर आला होता. तो उंबरठा अजून पूर्ण ओलांडून बाहेर आलेला नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

हे यश चमत्काराचे नव्हे, परंतु थोडेही नव्हे. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींनी शरीराच्या वजनापैकी सात टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे लक्ष्य ठेवले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले होते. ते निष्कर्ष २००२ सालचे. भारतात झालेल्या अशाच अभ्यासात, २००६ साली, आहार-व्यायामातील बदलाने ही घट २८.५ टक्के आढळली. औषधाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. आणि स्वतःच्या मनाने गोळी बंद करण्याची मुभा तर मुळीच मिळत नाही. परंतु ताट आणि पाय यांच्या हातीही बरेच काही आहे, एवढे त्यातून निश्चित होते.

चातुर्मासाचे नियम पूर्ण झाले, तेव्हा ते सोडण्याचा विषयच निघाला नाही. सकाळी सहाला फाटकापाशी दोन माणसे उभी असत, एवढेच.

पुन्हा चैत्र

यंदा चैत्री ओळी जवळ आली तशी घरातील सर्वांच्या मनात एकच शंका होती. शेठजी स्वतःच, दहा दिवस आधी, डॉक्टरांकडे गेले. नऊ आयंबिलांना परवानगी मिळाली नाही. पूर्वी ज्या गोष्टीसाठी त्यांनी बेशुद्ध होण्याची तयारी ठेवली होती, ती आता त्यांनी महासतीजींकडे जाऊन हात जोडून सांगितली. नऊ दिवस त्यांनी गोड विगयीचा त्याग घेतला, दोन्ही वेळची ऊणोदरी घेतली, आणि नवपदाची माळ मात्र नेहमीसारखीच फिरवली. सतरा वर्षांची अखंड परंपरा खंडित झाल्याची खंत त्यांच्या चेहऱ्यावर होती. ती लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

ओळीच्या शेवटच्या दिवशी आयंबिलशाळेत मुलगा वडिलांना न सांगता पंगतीला बसला. त्याच्या आयुष्यातले ते पहिले आयंबिल. रूक्ष भाकरी, अळणी मुगाची डाळ. शेठजींना कळले तेव्हा ते पेढी दिवाणजींवर सोपवून आले आणि वाढण्याचे पात्र त्यांनी स्वतःच्या हाती घेतले. त्यांनी एकदाच वाढले. दुसऱ्यांदा पात्र पुढे केले नाही, आणि मुलानेही मागितले नाही.

जेवण झाल्यावर मुलाने ताटात थोडे उकळलेले पाणी घेतले, बोटाने ताट सर्व बाजूंनी धुतले आणि ते पाणी पिऊन टाकले. ताटात एक कणही उरला नव्हता. शेठजी तो रिकामा ताटाचा तळ क्षणभर पाहत राहिले. मग दोघे पायऱ्या उतरून पेढीकडे चालू लागले. उन्हाची वेळ होती. पण रिक्षाला कोणी हाक मारली नाही.